बेसबॉलचा हिवाळी बाजार कसा समजून घ्यावा: नव्या चाहत्यांसाठी मार्गदर्शक

उत्तर अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचा हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीस किंवा नोव्हेंबरच्या आरंभी वर्ल्ड सिरीजबरोबर, म्हणजे अंतिम मालिकेबरोबर, संपतो आणि पुढचा हंगाम मार्चच्या अखेरीस सुरू होतो. या मधल्या काळात एकही अधिकृत सामना होत नाही, तरी बातम्या कमी होत नाहीत, उलट वाढतात. कारण तीसही संघ आपली पुढच्या वर्षाची बांधणी मुख्यतः याच महिन्यांत करतात. हा खेळ नुकताच पाहू लागलेल्या माणसाला सर्वांत अवघड वाटतात त्या याच बातम्या. आयपीएलच्या लिलावाची सवय असेल तर गोंधळ अधिकच होतो, कारण येथे लिलावाचा ठरलेला दिवस नाही, हातोडा नाही, प्रत्येक संघाला सारख्या रकमेची पर्स नाही, आणि एखादा खेळाडू बाजारात आहे की नाही हेही वरवर पाहून कळत नाही.

नवागताने सुरुवात पैशांच्या आकड्यापासून करू नये, असे मला वाटते. कोणतीही बातमी आली की आधी एकच प्रश्न विचारावा: हा खेळाडू आणखी किती वर्षे संघाच्या ताब्यात आहे? अदलाबदलीत दोन संघ एकमेकांना ही वर्षे देतात-घेतात आणि मुक्त खेळाडूशी करार करताना संघ हीच वर्षे रोख पैशाने विकत घेतो. हे स्पष्ट व्हावे म्हणून पुढील विवेचनात मी शक्यतो एकाच खेळाडूचा मार्ग धरून चालणार आहे. डॉमिनिकन रिपब्लिकचा आउटफिल्डर (मैदानाच्या दूरच्या भागातला क्षेत्ररक्षक) हुआन सोटो याच्या वाट्याला या बाजारातले जवळजवळ सगळे प्रकार आले आहेत.

पहिली पायरी: सेवाकाळाचे घड्याळ समजून घ्यावे

मेजर लीगचा नियमित हंगाम साधारण १८७ दिवसांचा असतो. त्यांपैकी १७२ दिवस खेळाडू मेजर लीगच्या २६ जणांच्या चमूत किंवा दुखापतग्रस्तांच्या यादीत असला, तर त्याच्या खात्यावर सेवेचे एक पूर्ण वर्ष जमा होते. अशी सहा वर्षे पूर्ण झाल्यावर, आणि हातात पुढचा करार नसल्यास, तो फ्री एजंट होतो, म्हणजे कोणत्याही संघाशी बोलणी करण्यास मोकळा होतो. तोपर्यंत तो त्याच संघाचा असतो. संघ त्याला दुसऱ्याकडे देऊ शकतो, तो स्वतःहून जाऊ शकत नाही.

या सहा वर्षांचे साधारण दोन भाग पडतात. पहिली तीन वर्षे संघ जवळजवळ किमान वेतनावर भागवतो. २०२५ मध्ये हे किमान वेतन ७ लाख ६० हजार डॉलर होते. पुढची तीन वर्षे वेतन लवादाच्या मार्गाने ठरते. खेळाडू आणि संघ जानेवारीत आपापला आकडा मांडतात, तडजोड झाली नाही तर तीन लवादांसमोर सुनावणी होते, आणि लवादांना त्या दोन आकड्यांपैकी एकच निवडावा लागतो. मधला आकडा काढण्याची त्यांना मुभा नाही. त्यामुळे अवाच्या सवा मागणी करणारा आणि अति कंजूषपणा करणारा, दोघेही हरण्याच्या भीतीने मध्याकडे सरकतात आणि बहुसंख्य प्रकरणे सुनावणीपूर्वीच मिटतात. याशिवाय, दोन वर्षे पूर्ण पण तीन अपूर्ण असलेल्या खेळाडूंपैकी सर्वाधिक सेवाकाळाच्या वरच्या २२ टक्क्यांना लवादाचे एक जादा वर्ष मिळते. या गटाला ‘सुपर टू’ म्हणतात.

आता सोटोचा हिशेब पाहू. वॉशिंग्टन नॅशनल्सने २०१५ मध्ये, तो १६ वर्षांचा असताना, त्याला १५ लाख डॉलर देऊन करारबद्ध केले. २० मे २०१८ रोजी, एकोणिसाव्या वर्षी, तो मेजर लीगमध्ये आला. हंगाम तेव्हा बराच पुढे गेलेला असल्यामुळे त्या वर्षी त्याच्या खात्यावर १३४ दिवसच जमा झाले. २०२० च्या अखेरीस २ वर्षे १३४ दिवस भरल्याने तो सुपर टू ठरला आणि त्याला लवादाची तीनऐवजी चार वर्षे मिळाली: २०२१ मध्ये ८५ लाख डॉलर, मग १ कोटी ७१ लाख, २ कोटी ३० लाख आणि २०२४ मध्ये ३ कोटी १० लाख. मात्र पहिल्या वर्षी १७२ दिवस न भरल्यामुळे सहा वर्षांची अट २०२३ च्या अखेरीस पुरी न होता २०२४ च्या अखेरीस पुरी झाली. संघांच्या हाती सहा नव्हे, जवळजवळ पावणेसात हंगामांचा सोटो लागला.

हे गणित संघांनाही अर्थातच ठाऊक असते. २०१५ मध्ये शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला हंगामाच्या आरंभी मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या दर्जाच्या लीगमध्ये, ठेवून १७ एप्रिलला वर आणले. वर्षअखेरीस त्याच्या खात्यावर १७१ दिवस जमले होते. एका दिवसाच्या फरकाने संघाला त्याचे एक संपूर्ण जादा वर्ष मिळाले. ब्रायंटने केलेली तक्रार २०२० मध्ये फेटाळली गेली. संघ आणि खेळाडू यांच्यातील २०२२ च्या सामूहिक करारात यावर थोडा उपाय करण्यात आला: वर्षातील सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्या खेळाडूला आता पूर्ण वर्षाची सेवा मिळते. चाल पूर्णपणे बंद झालेली नाही, पण महाग झाली आहे.

सहा वर्षांची ही अट आली कोठून, हे थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते, कारण सगळा बाजार तिच्यावर उभा आहे. १९७० च्या दशकापर्यंत प्रत्येक करारात राखीव कलम असे, आणि त्याचा अर्थ संघ असा लावत की करार संपला तरी खेळाडू त्यांचाच राहतो, वर्षानुवर्षे. ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुइस कार्डिनल्सने कर्ट फ्लडला फिलाडेल्फिया फिलीजकडे पाठवले, तेव्हा त्याने जाण्यास नकार दिला आणि खटला भरला. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात तो ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. पुढे अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांनी (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूंनी) १९७५ चा हंगाम नव्या करारावर सही न करता काढला, आणि २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी निर्णय दिला की राखीव कलम एकाच वर्षापुरते लागू होते. संघमालकांना आता सगळे खेळाडू दरवर्षी मोकळे होतील अशी धास्ती वाटली. खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख मार्व्हिन मिलर यांना मात्र उलटीच चिंता होती: सगळेच एकदम बाजारात आले तर भाव पडतील. ओकलंड ए’जचे मालक चार्ली फिन्ली यांनी नेमके तेच, म्हणजे सर्वांना मोकळे करण्याचे, सुचवले होते. इतर मालकांनी त्यांचे ऐकले नाही. १९७६ मध्ये सहा वर्षांची तडजोड झाली. बाजारात दरवर्षी मोजकेच चांगले खेळाडू येतात आणि त्यांच्यासाठी अनेक गिऱ्हाइके असतात, ही आजची स्थिती त्या तडजोडीतून आली. मालकांनी स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेली ही महागाई आहे, असे मी म्हणेन.

दुसरी पायरी: दिनदर्शिका जवळ ठेवावी

वर्ल्ड सिरीज संपल्याच्या दुसऱ्या दिवशी करार संपलेले पात्र खेळाडू फ्री एजंट होतात, परंतु नव्या संघाशी करार करण्यासाठी त्यांना आणखी पाच दिवस थांबावे लागते. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात संघांना कोणत्या होतकरूंना ४० जणांच्या यादीत (२६ जणांचा चमू याच यादीतून निवडला जातो) घ्यायचे आणि लवादास पात्र असलेल्या कोणत्या खेळाडूंना पुढच्या वर्षी ठेवायचे, हे ठरवावे लागते. डिसेंबरच्या पूर्वार्धात हिवाळी बैठका होतात; २०२३ मध्ये त्या नॅशव्हिलला आणि २०२४ मध्ये डॅलसला झाल्या. जानेवारीत लवादाचे आकडे मांडले जातात आणि १५ जानेवारीला परदेशी किशोर खेळाडूंच्या करारांचे नवे वर्ष सुरू होते. फेब्रुवारीच्या मध्यास पिचर आणि त्यांचे चेंडू झेलणारे कॅचर सरावशिबिरात दाखल होतात.

भारतातून लक्ष ठेवणाऱ्याने एक गोष्ट लक्षात ठेवावी. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे मागे गेली की न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. तेथील संध्याकाळी पाचची मुदत म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेतीन. यासाठी जागरण करण्याचे कारण नाही. सकाळच्या चहाबरोबर सर्व काही वाचायला मिळते, आणि रात्रीतून उठलेल्या निम्म्या अफवा तोवर विझलेल्या असतात.

लवादास पात्र खेळाडूंविषयीच्या त्या नोव्हेंबरमधल्या मुदतीकडे नवे चाहते सहसा दुर्लक्ष करतात, पण तेथे कधीकधी मोठ्या गोष्टी घडतात. खेळाडूचे लवादातून वाढणारे वेतन त्याच्या उपयोगापेक्षा जास्त होईल असे वाटले, तर संघ त्याला करारच देत नाही आणि तो सहा वर्षांच्या आधीच मोकळा होतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सने माजी सर्वोत्तम खेळाडू कोडी बेलिंजरला असे सोडले. कब्जने त्याला १ कोटी ७५ लाख डॉलरला एका वर्षासाठी घेतले आणि २०२३ मध्ये तो पुन्हा फॉर्मात आला. त्याहून जुने उदाहरण डेव्हिड ऑर्टिझचे आहे. मिनेसोटा ट्विन्सने त्याला डिसेंबर २००२ मध्ये मुक्त केले, बोस्टन रेड सॉक्सने जानेवारी २००३ मध्ये १२ लाख ५० हजार डॉलरला घेतले, आणि २०२२ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला.

तिसरी पायरी: मुक्त खेळाडूचा करार वाचायला शिकावे

मथळ्यात एकूण रक्कम आणि वर्षे असतात. सोटोने डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्सशी केलेला करार १५ वर्षांचा आणि ७६.५ कोटी डॉलरचा आहे. भागाकार केला की वर्षाला ५.१ कोटी येतात. येथेच न थांबता पुढचे प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न वयाचा. सहा वर्षांच्या अटीमुळे बहुतेक खेळाडू तिशीच्या आसपास मोकळे होतात, म्हणजे संघ त्यांच्या उतरणीची वर्षे विकत घेत असतो. अल्बर्ट पुहोल्सने डिसेंबर २०११ मध्ये एंजेल्सशी १० वर्षांचा २४ कोटी डॉलरचा करार केला तेव्हा तो बत्तिसाव्या वर्षात पाऊल टाकण्याच्या बेतात होता. मे २०२१ मध्ये, करार संपायच्या आधीच, एंजेल्सने त्याला सोडून दिले. सोटो एकोणिसाव्या वर्षी खेळू लागल्यामुळे सव्विसाव्या वर्षीच मोकळा झाला, आणि त्याच्या रकमेचे अर्धे स्पष्टीकरण या एका आकड्यात आहे.

दुसरा प्रश्न बाहेर पडण्याच्या वाटांचा. करारात खेळाडूला ठराविक वर्षानंतर उरलेला करार सोडून पुन्हा बाजारात उतरण्याचा हक्क असू शकतो. सोटोला तो २०२९ च्या हंगामानंतर आहे. मेट्सना तो टाळायचा असेल तर उरलेल्या दहा वर्षांचे वेतन वर्षाला ४० लाख डॉलरने वाढवून टाळता येतो. पाच वर्षे चांगली गेली तर फायदा सोटोचा आणि वाईट गेली तर ओझे मेट्सचे, असा हा एकतर्फी हक्क असतो. म्हणून ज्या करारात असा हक्क असतो, त्याची किंमत मथळ्यातल्या रकमेपेक्षा थोडी अधिक समजावी. याउलट शेवटच्या वर्षाचा निर्णय संघाच्या हाती ठेवणारी कलमेही असतात. तेथे फायदा संघाचा असतो.

तिसरा प्रश्न पैसे केव्हा मिळणार, हा. शोहेइ ओहतानीने डिसेंबर २०२३ मध्ये डॉजर्सशी केलेला १० वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार वाचून अनेकांनी डोक्याला हात लावला. प्रत्यक्षात २०२४ ते २०३३ या काळात त्याला दरवर्षी फक्त २० लाख डॉलर मिळतात आणि प्रत्येक वर्षाचे उरलेले ६.८ कोटी २०३४ ते २०४३ या काळात बिनव्याजी दिले जातील. त्यामुळे लीगच्या करगणनेत (हा कर पुढच्या पायरीत येतो) त्याची वार्षिक किंमत ७ कोटी न धरता सुमारे ४.६ कोटी धरली जाते. सोटोच्या करारात पुढे ढकललेली एकही रक्कम नाही. हे लक्षात घेतले की ७० आणि ७६.५ या दोन आकड्यांतील अंतर दिसते त्यापेक्षा कितीतरी मोठे आहे हे उमगते.

ढकललेल्या रकमांचा विषय निघाला की मेट्सचाच माजी खेळाडू बॉबी बोनिया याचे नाव निघतेच. २०११ पासून २०३५ पर्यंत दर १ जुलैला त्याला सुमारे ११ लाख ९३ हजार डॉलर मिळतात, आणि तो दिवस चाहते दरवर्षी चेष्टेने साजरा करतात.

चौथी पायरी: कर आणि भरपाई यांचा धाक ओळखावा

बेसबॉलमध्ये संघाच्या एकूण वेतनावर कमाल मर्यादा नाही. त्याऐवजी एक उंबरठा आहे. २०२५ मध्ये तो २४.१ कोटी डॉलर होता आणि २०२६ साठी २४.४ कोटी आहे. तो ओलांडणाऱ्या संघाला वरच्या रकमेवर पहिल्या वर्षी २०, सलग दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षापासून ५० टक्के कर पडतो. शिवाय उंबरठ्याच्या जितके वर जावे तितके अधिभार वाढतात. सलग तिसऱ्या वर्षी ६ कोटींहून अधिक वर गेलेल्या संघाला वरच्या टप्प्यात ११० टक्के कर भरावा लागतो; अशा संघाने २ कोटींचा खेळाडू घेतला की त्याला तो ४ कोटी २० लाखांना पडतो. श्रीमंत संघही जानेवारीत एकाएकी हात आखडता का घेतात, याचे उत्तर बहुधा येथे सापडते.

दुसरी अडचण मसुद्यातील निवडींची, म्हणजे दर वर्षी शाळा-महाविद्यालयांतून नवे खेळाडू निवडण्याच्या हक्कांची. फ्री एजंट होणाऱ्या आपल्या खेळाडूला संघ एका वर्षासाठी ठराविक रकमेचा प्रस्ताव देऊ शकतो. ही रक्कम लीगमधील सर्वाधिक १२५ वेतनांची सरासरी असते आणि २०२४ च्या हिवाळ्यात ती २ कोटी १० लाख ५० हजार डॉलर होती. खेळाडूने नकार दिला आणि तो दुसरीकडे गेला, तर जुन्या संघाला भरपाई म्हणून एक जादा निवड मिळते आणि नव्या संघाच्या काही निवडी जातात. संपूर्ण हंगाम त्या संघात काढलेल्या आणि पूर्वी कधीही असा प्रस्ताव न मिळालेल्या खेळाडूलाच तो देता येतो. सोटोने न्यूयॉर्क यांकीजचा असा प्रस्ताव अर्थातच नाकारला, आणि कर भरणारा संघ असल्यामुळे मेट्सना दोन निवडी गमवाव्या लागल्या.

सोटोसारख्याला याचा काही फरक पडत नाही. मार बसतो तो मधल्या फळीतल्या खेळाडूला, ज्याच्यासाठी कोणी निवड गमवायला तयार नसते. डॅलस कायकल आणि क्रेग किंब्रेल हे दोघे नामवंत पिचर २०१८ च्या हिवाळ्यापासून २०१९ च्या जूनपर्यंत घरी बसले. मसुदा पार पडल्यावर भरपाईची अट गळून पडली, आणि लगोलग दोघांनाही संघ मिळाले. म्हणून एखादा चांगला खेळाडू फेब्रुवारीतही बेकार दिसला, तर त्याच्या खेळात खोट शोधण्याआधी त्याच्यावर भरपाईची अट आहे का ते पाहावे.

पाचवी पायरी: अदलाबदलीचा भाव काढावा

या बाजारातला सर्वांत रंजक भाग माझ्या दृष्टीने हाच, कारण येथे पैशाने काम भागत नाही. पुन्हा सोटोकडे येऊ. २०२२ मध्ये नॅशनल्सने त्याला १५ वर्षांसाठी ४४ कोटी डॉलर देऊ केल्याचे आणि त्याने ते नाकारल्याचे वृत्त आले. त्याच्यावर ताब्याची अडीच वर्षे उरली होती. ऑगस्टच्या आरंभी नॅशनल्सने त्याला जॉश बेलसह सॅन डिएगो पाद्रेजना दिले आणि बदल्यात सी. जे. एब्रम्स, मॅकेन्झी गोर, जेम्स वुड, रॉबर्ट हॅसेल आणि हारलिन सुसाना हे पाच तरुण, तसेच अनुभवी ल्यूक व्हॉइट, असे सहा जण घेतले. हा सौदा हंगामाच्या मध्यातला, तरी येथे घेण्याचे कारण असे की पुढचा सौदा त्याच्या शेजारी ठेवून पाहता येतो. डिसेंबर २०२३ मध्ये वेतनखर्च कमी करू पाहणाऱ्या पाद्रेजनी सोटोला ट्रेंट ग्रिशमसह यांकीजकडे पाठवले, तेव्हा ताब्याचे एकच वर्ष उरले होते. मिळाले ते मायकल किंग, जॉनी ब्रिटो, रँडी व्हास्केझ आणि ड्रू थॉर्प हे चार पिचर आणि कॅचर काइल हिगाशिओका. सोटो तोच, वय जेमतेम पंचवीस, खेळही उत्तम. पण पहिल्या वेळी त्याच्या बदल्यात अख्ख्या संघाचे भवितव्य मागता आले आणि दुसऱ्या वेळी पिचरांची एक फळी. भाव खेळाडूचा कमी झाला नव्हता, वर्षांचा झाला होता.

अदलाबदल झाली की लगेच कोण जिंकले हे ठरवण्याची घाई करू नये. एब्रम्स २०२४ मध्ये आणि वुड व गोर २०२५ मध्ये ऑल-स्टार सामन्यासाठी निवडले गेले, म्हणजे पहिल्या सौद्याची फळे दिसायला दोन-तीन वर्षे लागली. दुसऱ्या सौद्यातला थॉर्प पाद्रेजसाठी एकही सामना न खेळता मार्च २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सकडे गेला आणि त्या व्यवहारातून पाद्रेजना डिलन सीज मिळाला. त्याच सीजने २५ जुलै २०२४ रोजी एकही हिट न देता सामना जिंकला, आणि समोर होते नेमके नॅशनल्स. यांकीजनी एका वर्षासाठी घेतलेल्या सोटोच्या मदतीने २०२४ ची वर्ल्ड सिरीज गाठली, ती ते डॉजर्सकडून हरले, आणि सोटो गेल्यावर त्यांच्याकडे भरपाईची एक निवड उरली. तिघांपैकी मूर्ख कोणीच ठरत नाही, असा माझा निष्कर्ष आहे.

छोट्या शहरांतल्या संघांना ही पद्धत जगण्यासाठीच लागते. मिलवॉकी ब्रुअर्सना पिचर कॉर्बिन बर्न्सला पुढचा मोठा करार देणे झेपणारे नव्हते. त्यांनी तो मोकळा होण्याच्या एक वर्ष आधी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, त्याला बॉल्टिमोर ओरिओल्सना दिले आणि बदल्यात दोन तरुण खेळाडू आणि एक निवड घेतली. वर्षअखेरीस बर्न्स २१ कोटी डॉलरवर अॅरिझोना डायमंडबॅक्सकडे गेला. ताब्याचे शेवटचे वर्ष सुरू होण्याच्या आधीचा हिवाळा ही अशा संघांची विक्रीची वेळ असते, हे कळले की डिसेंबरमधल्या निम्म्या अफवा आपोआप समजतात.

काही नियम ध्यानात ठेवावेत. मसुद्यातील सर्वसाधारण निवडींची देवाणघेवाण करता येत नाही. बर्न्सच्या व्यवहारात होती तशा मोजक्या खास निवडींचीच करता येते. जुलैमध्ये निवडलेल्या नव्या खेळाडूला त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज संपेपर्यंत दुसऱ्या संघाला देता येत नाही. ज्याची सेवा दहा वर्षांची आहे आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात झाली आहेत, त्याच्या संमतीशिवाय त्याला हलवता येत नाही. इतर काही खेळाडू करारातच अशी अट घालून घेतात. सोटोच्या पहिल्या अदलाबदलीत व्हॉइट आला तोही यामुळेच: मूळ योजनेतल्या एरिक हॉस्मरने वॉशिंग्टनला जाण्यास नकार देण्याचा आपला हक्क वापरला होता.

सहावी पायरी: इतर दारे

जपानमधील व्यावसायिक खेळाडू त्याच्या संघाच्या परवानगीने बाजारात येतो आणि अमेरिकी संघांना बोलणी करण्यासाठी ४५ दिवस मिळतात. करार झाल्यावर जपानी संघाला वेगळा मोबदला द्यावा लागतो: करारातील पहिल्या २.५ कोटी डॉलरवर २० टक्के, पुढच्या २.५ कोटींवर १७.५ टक्के आणि त्यावर १५ टक्के. योशिनोबू यामामोतोचा डॉजर्सशी झालेला करार ३२.५ कोटींचा होता आणि त्याच्या जुन्या संघाला त्याखेरीज सुमारे ५ कोटी मिळाले. मात्र खेळाडू २५ वर्षांखालील असेल तर त्याचा बोनस परदेशी किशोरांच्या करारांसाठी संघाला ठरवून दिलेल्या मर्यादित निधीतूनच द्यावा लागतो. म्हणूनच रोकी सासाकी जानेवारी २०२५ मध्ये ६५ लाख डॉलरच्या बोनसवर डॉजर्सकडे गेला; दोन-तीन वर्षे थांबला असता तर त्याला कितीतरी पट अधिक मिळाले असते.

हिवाळी बैठकांच्या वेळी होणारा ‘रूल फाइव्ह’ मसुदा हे आणखी एक छोटे दार. ४० जणांच्या यादीत न घेतलेला आणि मायनर लीगमध्ये पुरेशी वर्षे काढलेला खेळाडू दुसरा संघ १ लाख डॉलर भरून उचलू शकतो, पण त्याला पुढचा संपूर्ण हंगाम मेजर लीगच्या चमूत ठेवावे लागते. बहुतेक निवडी वाया जातात. १९५४ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने डॉजर्सकडून अशा मसुद्यात उचललेला खेळाडू मात्र रॉबर्टो क्लेमेंटे होता.

जानेवारी-फेब्रुवारीत ‘मायनर लीग करार, सरावशिबिराचे निमंत्रण’ अशा बातम्यांची रीघ लागते. तेथे संघाचा धोका जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे अपेक्षाही तेवढीच ठेवावी. पायरेट्सने नोव्हेंबर २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातील दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केले, ते मायनर लीगसाठीच होते; दोघांपैकी कोणी मेजर लीगपर्यंत पोहोचला नाही.

सातवी पायरी: बातमी पक्की केव्हा मानावी

‘रस आहे’, ‘चर्चा सुरू आहे’, ‘सहमती झाली’ आणि ‘संघाने जाहीर केले’ या चार वेगळ्या अवस्था आहेत. पहिल्या दोन अवस्थांतील बातम्या अनेकदा खेळाडूचा एजंट भाव वाढवण्यासाठी पेरतो किंवा एखादा संघ प्रतिस्पर्ध्याला चाळवण्यासाठी सोडतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी ओहतानी विमानाने टोरंटोला निघाल्याची बातमी पसरली आणि हजारो लोक त्या विमानाचा मार्ग संगणकावर पाहत बसले; विमानातून उतरला तो दूरचित्रवाणीवर झळकणारा एक कॅनेडियन उद्योगपती. दुसऱ्या दिवशी ओहतानीने स्वतःच डॉजर्सचे नाव जाहीर केले.

सहमती झाल्यावरही वैद्यकीय तपासणी बाकी असते आणि ती औपचारिकता समजू नये. डिसेंबर २०२२ मध्ये कार्लोस कोरियाने सॅन फ्रान्सिस्को जायंट्सशी १३ वर्षांच्या ३५ कोटी डॉलरवर सहमती केली. तपासणीतील एका जुन्या दुखापतीमुळे पत्रकार परिषद ऐन वेळी रद्द झाली. लगेच मेट्सशी १२ वर्षांच्या ३१.५ कोटींवर सहमती झाली आणि तीही त्याच कारणाने अडकली. अखेर जानेवारी २०२३ मध्ये त्याने आपल्या जुन्या संघाशी, मिनेसोटा ट्विन्सशी, ६ वर्षांच्या २० कोटींच्या करारावर सही केली.

प्रत्यक्ष सरावासाठी तिसांपैकी एकच संघ निवडावा. त्याच्या प्रमुख खेळाडूंची नावे कागदावर लिहून प्रत्येकापुढे वय, पुढच्या वर्षीचे वेतन आणि ताबा कोणत्या वर्षापर्यंत आहे एवढेच नोंदवावे. करारांचे तक्ते संकेतस्थळांवर सहज मिळतात. जेथे ताब्याचे एकच वर्ष उरले आहे तेथे खूण करावी. त्या नावांविषयी एक तर करार वाढवल्याची किंवा अदलाबदलीची चर्चा हमखास कानावर येईल. ज्या जागेपुढे नावच नाही, तेथे संघ बाजारातून कोणी आणेल किंवा आपल्या मायनर लीगमधून वर काढेल.

२०२६ च्या हिवाळ्यापासून सुरुवात करणाऱ्याने मात्र क्रम थोडा बदलावा. संघ आणि खेळाडू यांच्यातील सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो. याआधीचा करार १ डिसेंबर २०२१ ला संपला तेव्हा मालकांनी टाळेबंदी केली, ती ९९ दिवस चालली, आणि तेवढा काळ मेजर लीगच्या खेळाडूंचे सर्व व्यवहार गोठले. त्या भीतीने नोव्हेंबरच्या अखेरच्या दिवसांत करारांची झुंबड उडाली होती: मॅक्स शेर्झर १३ कोटी डॉलरवर मेट्सकडे, मार्कस सिमियन १७.५ कोटींवर आणि कोरी सीगर ३२.५ कोटींवर टेक्सस रेंजर्सकडे, हे सारे मोजक्या दिवसांत घडले. त्यामुळे त्या वर्षी डिसेंबरच्या बैठकांची वाट न पाहता वर्ल्ड सिरीज संपताच तक्ता तयार ठेवावा.